डोंगरानं वर बघायचं नसतं

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत रावसाहेब जगदाळे या नावानं चौकशी केली, तर लोक घटकाभर विचारात पडत. डोंगरतात्या म्हटलं, की नळावरची बाईसुद्धा डोक्यावरचा हंडा न हलवता नुसत्या हनुवटीनं घर दाखवी.

तात्यांनी आयुष्यात दोन कामं केली. पस्तीस वर्षं पाठीवरून धान्याच्या गोण्या वाहिल्या, आणि त्यातलीच अकरा वर्षं संध्याकाळी मुंबईत बॅलेत नाचले. पहिल्या कामाबद्दल ते विचारलं तरी बोलत नसत. दुसऱ्याबद्दल न विचारता बोलत. नवीन माणूस वसाहतीत राहायला आला, की त्याच्या घरी गॅसची शेगडी जोडून व्हायच्या आत तात्या चहाला पोचलेले असत, आणि कप खाली ठेवेपर्यंत त्या माणसाला बॅले म्हणजे काय ते कळलेलं असे. संवाद नसलेलं नाटक. तोंड उघडायचं नाही, जे काय सांगायचं ते अंगानं. यावर त्यांच्या पत्नी रखमाबाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, की तोंड उघडायचं नव्हतं म्हणून तर ह्यास्नी घेतलं.

आणि नाचले म्हणजे तरी काय, उभे राहिले.

त्याचं झालं असं. साल एकसष्ट. तात्या तेव्हा तेविशीतले, साताऱ्याकडून येऊन दाणाबंदरच्या धान्यबाजारात हमालांच्या एका टोळीत लागलेले. एकदा त्यांच्या टोळीला गिरगावातल्या एका हॉलमध्ये पत्र्याच्या पेट्या चढवायचं काम मिळालं. पेट्या होत्या नीलपंख बॅले मंडळाच्या. मंडळाचे मास्तर जिन्याच्या तोंडाशी डोक्याला हात लावून बसले होते, कारण त्यांच्यातल्या सर्वांत दणकट नर्तकाची कंबर त्याच दिवशी धरली होती आणि खेळ आठ दिवसांवर होता. समोरून तात्या पाठीवर पेटी घेऊन आले आणि मास्तरांच्या शेजारून वर गेले. मास्तरांनी मान वर केली ती पेटी दिसली म्हणून नव्हे, तर पायांचा आवाज आला नाही म्हणून.

त्यात तात्यांचं कौतुक असं काही नव्हतं. ट्रकपासून गोदामातल्या थप्पीपर्यंत हमाल लाकडाची फळी लावतात. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन त्या फळीवर चढलं, की फळी खालीवर नाचायला लागते. तिच्या नाचाच्या उलट पाऊल पडलं तर ती माणसाला गोणीसकट उडवून देते. त्यामुळं हमाल पहिल्या आठवड्यात फळीचा ताल शिकतो, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात गावी जातो. तात्या गावी गेले नव्हते, एवढंच.

मास्तरांनी विचारलं, चाळीस मिनिटं एका जागी न हलता उभा राहशील का. तात्या म्हणाले, "सायेब, आमाला उभं ऱ्हाऊ कोन देतंय?"

त्या बॅलेची गोष्ट एका नदीची होती. नदी डोंगरावर जन्मते, उड्या मारत खाली उतरते आणि शेवटी समुद्राला मिळते. चार पुरुष मिळून डोंगर, त्यातले मधले तात्या, सबंध अंगाला निळा रंग. नदी झाली होती चारुलता नावाची एक मुलगी, दिवसा टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर. तिनं लांबून धावत यायचं, तात्यांच्या वाकलेल्या पाठीवर झेप घ्यायची, तात्यांनी सावकाश उठायचं, आणि तिनं त्यांच्या खांद्यावर उभं राहून दोन्ही हात पसरायचे. आठ मात्रा तशीच. मग खाली.

आठ दिवस तालीम व्यवस्थित झाली. पहिल्या खेळाला हॉल गच्च भरला, दिवे लागले. नदी धावत आली. पाठीवर वजन पडलं. आणि पाठीवर वजन पडल्यावर हमालाचे पाय जे करतात तेच तात्यांच्या पायांनी केलं. ते वळले आणि चालू लागले. चारुलता त्यांच्या कानात काय काय पुटपुटत होती, पण पाठीवरच्या गोणीशी गप्पा मारायची सवय तात्यांना नव्हती. विंगेत सतरंज्यांच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या. त्या थप्पीवर त्यांनी तिला अलगद उतरवलं, परत रंगमंचावर आले आणि पुढच्या गोणीसाठी पाठ वाकवून उभे राहिले.

नदी नसलेला डोंगर बराच वेळ तसाच वाकून होता.

मास्तर त्या दिवशी काय बोलले ते तात्या बायकांसमोर सांगत नसत. पण दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं. त्यात लिहिलं होतं, की डोंगरानंच नदीचं हरण करावं ही कल्पना धाडसी असून आजच्या माणसानं निसर्गाशी मांडलेल्या दाव्याचं ते विदारक दर्शन आहे. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि तात्यांना ठेवून घेतलं.

मात्र चारुलतेनं त्यांना बाजूला घेतलं. "हे बघा रावसाहेब, मी गोणी नाही. गोणी उडी मारत नाही, मी मारते. तुम्ही मला उचलूच नका. मी वर येणारच आहे, तुम्ही फक्त तिथं असा."

हे वाक्य पचायला तात्यांना सहा महिने लागले. ओझं निम्मं आपणच उचलतं ही गोष्ट दाणाबंदरात सांगितली असती, तर मुकादमानं तोंडाचा वास घेतला असता. पण एकदा ते जमलं आणि मग अकरा वर्षं जमत राहिलं. चारुलता पाठीवर यायची ती जणू कुणी ओला टॉवेल टाकावा तशी. मग खांद्यावर तिच्या टाचा. मग हॉलमधून एक आवाज यायचा, पाचसहाशे माणसांनी एकदम श्वास ओढल्यासारखा. तात्या तेव्हा जमिनीकडे बघत असत. मास्तरांचा नियमच होता, की डोंगरानं वर बघायचं नसतं. डोंगर वर बघायला लागला की लोक डोंगराकडे बघतात.

थोडक्यात, ज्या उडीसाठी लोक तिकीट काढून येत, ती तात्यांनी अकरा वर्षांत एकदाही पाहिली नाही. रखमाबाईंनी पाहिली होती. लग्नानंतर मुंबईत आल्यावर तात्यांनी त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं होतं. खेळ सुटल्यावर तात्यांनी विचारलं, कसं दिसत होतं. रखमाबाई म्हणाल्या, "बाई उडाली. तुमी खालीच व्हता." यापेक्षा जास्त तपशील त्यांच्याकडून पुढं तीस वर्षांत मिळाला नाही. आणि चारुलतेच्या दिसण्याबद्दल तात्यांनी पुन्हा विचारणं हे संसाराच्या दृष्टीनं शहाणपणाचंही नव्हतं.

बहात्तर साली मास्तर वारले, मंडळ मोडलं, चारुलता लग्न होऊन इंदूरला गेली. पुढं धान्यबाजार वाशीला हलला, त्याच्या मागं तात्याही खाडी ओलांडून कोपरखैरण्याला आले. गुडघे संपले तेव्हा गोण्या सोडल्या. आणि वसाहतीतल्या पोरांना हाताशी धरून त्यांनी नाच बसवायला सुरुवात केली.

दरवर्षी एक मेला वाशीत कामगारांच्या मुलांची समूहनृत्याची स्पर्धा असे. तात्यांना बॅले एकच येत होता. त्यामुळं ते दरवर्षी नदी बसवत, फक्त नाव बदलत. एका वर्षी कोयना, एका वर्षी कृष्णा, मग उरमोडी, मग वेण्णा. पोरं विचारत, "तात्या, यंदा कुठली?" सातारा जिल्ह्यात नद्या पुष्कळ असल्यानं तात्यांना चिंता नव्हती. दुसऱ्या वसाहतींची पोरं सिनेमातल्या गाण्यांवर कंबर हलवून बक्षीस नेत आणि तात्यांच्या नदीला उत्तेजनार्थ मिळे. उत्तेजनार्थाची प्रशस्तिपत्रं त्यांच्या भिंतीवर पाच होती.

पण यातल्या एकाही नदीत उडी नव्हती. नदी डोंगराला वळसा घालून जायची. पोरींच्या आयांनी स्पष्ट सांगितलं होतं, पोरांनी पोरीला उचललेलं चालायचं नाही. तात्या तालमी घेत, पोरांना फळीवर चालवत. खरीखुरी फळी, दोन विटांच्या थप्प्यांवर ठेवलेली. पायांचा आवाज आला की परत पहिल्यापासून. पोरं वैतागत, पण नाचायला लागली की त्यांची पावलं मांजरासारखी पडत, आणि ते कुठल्याच परीक्षकाच्या लक्षात येत नसे.

शहाण्णव साली उत्कर्षा आली. शहाजी आणि शालन यांची थोरली, आठवीत गेलेली, काडीसारखी आणि हट्टी. नदी व्हायला तयार होती, पण वळसा घालायला नाही. तिनं उडीची गोष्ट कुणाकडून तरी ऐकली होती. तात्यांकडूनच, दुसरं कोण सांगणार. ती म्हणाली, उडी असली तर मी आहे. तात्यांच्या वयाला अठ्ठावन्न वर्षं झाली होती. आता आपण डोंगर होणार नव्हतो, समोर उभे राहणार होतो. म्हणजे या पोरीनं उडी मारली, तर ती आपल्याला दिसणार होती.

आयांचं काय करायचं यावर त्यांनी दोन रात्री डोकं चालवलं आणि उडीच बदलली. दोन पोरांनी मनगटं एकमेकांत गुंतवून पायरी करायची. नदीनं धावत येऊन त्या पायरीवर पाय ठेवायचा आणि उसळायचं, तेवढ्यात पोरांनी पायरी खांद्यापर्यंत न्यायची. नदी वर उभी, हात पसरून. पोरांचा हात नदीच्या फक्त पायाला लागणार, आणि पायाला हात लावणं म्हणजे नमस्कारच की. या शास्त्रार्थापुढं शालनचं काही चाललं नाही. तिनं नाक मुरडून होकार दिला.

पायरीला पोरं निवडली विश्वजित आणि धर्मराज. विश्वजित तळोज्याला केमिकलच्या कंपनीत लागला होता, कंपनीचा निळा शर्ट घालूनच तालमीला यायचा आणि प्रत्येक गोष्टीला "टेन्शन नाय घ्यायचं तात्या" म्हणायचा. धर्मराज नुकताच बापाच्या जागी टोळीत लागलेला. तो काहीच म्हणायचा नाही.

तालीम चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत. एप्रिलचा शेवट, ऊन मरणाचं, त्यामुळं जागेच्या निम्म्या भागात बायकांची वाळवणं. दहा दिवस उरले असताना तात्यांनी पहिल्यांदा पूर्ण वेगात उडी घ्यायला सांगितली. उत्कर्षा धावत आली, पायरीवर पाय ठेवला. आणि दोघांच्या रक्तातला हमाल जागा झाला. तिनं उसळी घ्यायच्या आतच त्यांनी "हेऽप" करून गोणी फेकावी तशी पायरी वर फेकली. वर त्यात तिची स्वतःची उसळी मिसळली. काडीसारखी पोर ती, पस्तीस किलोची. दोघांच्या डोक्यांवरून पलीकडे गेली आणि जुन्या लुगड्यावर घातलेल्या कुरडयांत पडली.

कुरडया शालनच्या होत्या.

कोपर खरचटलं, बाकी पोरीला काही झालं नाही. ती उठली आणि म्हणाली, परत. पण तोवर शालन घरातून बाहेर आली होती. तिनं आधी पोरीकडे पाहिलं, मग कुरडयांकडे, मग तात्यांकडे. पोरीला दंडाला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तात्या तिच्या घरी गेले. शहाजी त्यांच्याच टोळीतला, एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं तात्यांना आदरानं बसवलं, पाणी दिलं आणि आपण कुठल्याच बाजूचे नाही हे दिसावं म्हणून खिडकीतून बाहेर बघत राहिला. तात्यांनी समजावलं. चूक पोरीची नाही, पोरांची आहे. घाई केली. सुधारता येईल. शालन कांदा चिरत सगळं ऐकत होती.

ती धान्यबाजारात झाडलोट आणि चाळण करायची. फुटलेल्या गोण्यांतलं जमिनीवर सांडलेलं धान्य गोळा करायचं, चाळायचं, पाखडायचं, भरून द्यायचं. पंधरा वर्षं.

"तात्या," ती म्हणाली, "गड्यांच्या हातनं रोज किती गोन्या पडत्यात ते तुमाला काय म्हाईत? तुमी टाकून फुडं जाता. पडलेलं झाडायला मी असते. मला इचारा."

पस्तीस वर्षांत आपल्या हातून पडलेल्या गोण्यांकडे तात्यांनी खरंच वळून बघितलं नव्हतं. शहाजीनं खिडकीबाहेर आणखी निरखून पाहायला सुरुवात केली.

घरी येऊन तात्या भिंतीकडे तोंड करून बसले. रखमाबाईंनी कारण काढून घेतलं. यंदाही वळसाच घाला की, त्या म्हणाल्या, नदीला काय, सवय हाय. तात्या म्हणाले, मला एकदा बघायची होती. काय बघायची होती? उडी. रखमाबाई हातातलं निवडण तसंच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं हा माणूस कसं दिसत होतं म्हणून विचारत होता ते चारुलतेबद्दल, असाच त्यांचा समज होता. पदर खोचला आणि शालनकडे गेल्या.

तिथं काय बोलणं झालं ते तात्यांना कधीच कळलं नाही. अर्ध्या तासानं त्या परत आल्या आणि निरोप दिला, की शालन म्हणतेय, आधी मला उचलून दाखवा. मी पडले न्हाई तर पोरगी तुमची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला अर्धी वसाहत मोकळ्या जागेत जमली. वाळवणं गुंडाळून आत गेली होती, उगाच विषाची परीक्षा कशाला. शालन आली ती पाचवारीचा काष्टा मारल्यासारखा ओचा खोचून, चपला काढून. उंच, हाडापेरानं मजबूत, वजन बाहत्तर. हे तिनंच जाहीर केलं, बाजारातल्या काट्यावर करून आली होती. धर्मराज रोज शंभर किलो पाठीवर घ्यायचा, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. भीती वजनाची नव्हती, शालनमावशीची होती. विश्वजित टेन्शनबद्दल काहीच म्हणाला नाही. शहाजीनं पुढं येऊन दोघांना हळूच सांगितलं, "उचला बिनधास्त. पण नीट ठेवा रं, मला घरी न्यायचीय."

पहिल्या वेळी शालन चालत आली, पायरीवर पाय ठेवला आणि खांबासारखी उभी राहिली. उचला म्हणाली. पोरांनी उचललं. गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, तिथं सगळं डुगडुगलं आणि ती खाली उतरली. पडली नाही, उतरली. गर्दीत कुणीतरी खोकलं.

"असं न्हाई व्हायचं," तात्या म्हणाले. "तू उडी मारायची."

"मी का मारू? उचलायचं काम त्यांचं."

"उचलायचं काम कुनाचंच न्हाई."

शालननं गर्दीकडे बघितलं, म्हातारा चळला असं सुचवत. तात्यांच्या ओठावर चारुलतेचं वाक्य आलं होतं, पण टेलिफोन ऑफिसातल्या मुलीचं वाक्य शालनला लागू पडेल असं त्यांना वाटेना. ते डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "सुपात धान्य पाखडतीस तवा काय करतीस?"

"पाखडते. काय करनार?"

"दाना वर उडतो. मग तू सूप घिऊन त्याच्या मागं पळतीस का?"

"सूप जागंवर ऱ्हातंय. मनगटाचा झटका दिला की दाना त्याचा तो उडतो. सूप निस्तं त्याच्याखाली धरायचं."

"आधी झटका दिला तर?"

"तर दाना भायेर. भुईवर."

हे बोलून ती थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिला ऐकू आलं. परवा पोरगी कुरडयांत का पडली तेही बहुधा तिला तेव्हाच कळलं, कारण तिनं वळून विश्वजित आणि धर्मराजकडे असं पाहिलं की दोघं एक पाऊल मागं सरकले.

"म्हंजी ही पोरं सूप," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् मी दाना."

बाहत्तर किलोचा, असं गर्दीतून आलं. शालननं तिकडं लक्ष दिलं नाही. ती पोरांसमोर जाऊन उभी राहिली आणि जे तात्यांना तीन आठवडे जमलं नव्हतं ते तिनं दोन मिनिटांत त्यांच्या डोक्यात घातलं. माझा पाय दाबला गेल्याबिगर हात वर न्यायचे न्हाईत. हेप बीप म्हनायचं न्हाई. मी जवा वर चालले तवा तुमी माझ्यासंगं यायचं, माझ्या फुडं न्हाई. बाजारात बायकांना पाखडायला शिकवताना जो आवाज लावायची, तोच आवाज. धर्मराजनं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी उचलू नको म्हणून सांगत होतं.

शालन मागं गेली. पंधरावीस पावलं. तात्या समोर उभे राहिले, जिथं पहिल्या रांगेतली मधली खुर्ची असली असती तिथं. रखमाबाई त्यांच्या शेजारी.

ती धावत आली. तिला धावताना वसाहतीनं याआधी फक्त पाण्याच्या टँकरमागं पाहिलं होतं. पाऊल पायरीवर पडलं, दाबलं गेलं, एक क्षण काहीच झालं नाही. आणि मग ती वर होती.

हात पसरायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तात्या विसरले होते. पण वर गेल्यावर माणसाच्या हातांना दुसरं करण्यासारखं काही नसतं, ते आपोआप उघडतात. मागं पाण्याची टाकी, टाकीच्या वर खाडीकडे जाणाऱ्या विजेच्या तारा, आणि मध्ये शालन, ओचा खोचलेली, एका पायात पैंजण कारण दुसरं गेल्या वर्षी हरवलं होतं. नदीसारखी अजिबात दिसत नव्हती. शालनसारखीच दिसत होती, पण अशी शालन वसाहतीनं पाहिलेली नव्हती. बायकांकडून एक आवाज आला, सगळ्यांनी एकदम श्वास ओढल्यासारखा. तात्यांनी तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता, पण कशामुळं येतो ते त्यांना आता कळत होतं.

ते बघतच राहिले. आठ मात्रा झाल्या, सोळा झाल्या. धर्मराजच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. पण मावशीच्या परवानगीशिवाय हलायची कुणाची छाती होती. शेवटी वरूनच आवाज आला.

"तात्या, उतरायचं कसं ते सांगितलं न्हाई तुमी."

तात्या अजून वरच बघत होते. रखमाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. "आवं, उतरवा की बाईला."

"उतरवतो," तात्या म्हणाले, आणि तरीही आणखी थोडा वेळ गेला.

खाली आल्यावर शालननं आधी पैंजण नीट केलं. मग धर्मराजचं मनगट हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, हळद लाव. उत्कर्षाला म्हणाली, एक मेला सकाळी पोटभर जेवायचं न्हाई, हलकं कायतरी खा. ओचा सोडला, चपला घातल्या आणि घरी गेली. परवानगी दिली असं तोंडानं म्हणाली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तालमीला येऊन बसू लागली, आणि पोरं कुठं चुकतात ते तात्यांच्या आधी तीच सांगायची.

त्या वर्षीची नदी तारळी होती. स्पर्धेत उत्कर्षानं उडी मारली ती पोरांच्या खांद्याच्याही वर गेली असं सगळे सांगतात. परीक्षकांनी तिसरं बक्षीस दिलं, पहिली दोन सिनेमाच्या गाण्यांना. उत्कर्षा चिडली. पुढच्या वर्षी दोन उड्या ठेवायच्या असं तिनं बसमधून येतानाच तात्यांकडून कबूल करून घेतलं.

तात्यांनी तिची उडी पाहिली नाही. ऐन वेळी पडदा ओढणारा माणूस जागेवर नव्हता, आणि दोरी तात्यांनी हातात घेतली होती. पडदा जड, जुना, दोरी सोडली की मिटायला लागणारा. तो सोडून समोर जाणं शक्य नव्हतं. विंगेतून त्यांना फक्त पोरांच्या पाठी दिसल्या आणि हॉलचा तो आवाज ऐकू आला. परत येताना रखमाबाईंना वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, तुमची परत हुकली.

तात्या म्हणाले, "हुकली कशी? शालनची बघितली की."

मग ते बसच्या खिडकीला टेकून, उडी समोरून कशी दिसते ते रखमाबाईंना सांगायला लागले. रखमाबाईंनी ती पहिल्या रांगेत बसून पाहिलेली होती, पण त्या मुकाट ऐकत राहिल्या. कोपरखैरणं आलं तरी तात्यांचं सांगून झालं नव्हतं.